सहा जणांचं अंथरूण

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी दर रविवारी सकाळी गॅलरीच्या कठड्यावर मऊ कापडाचे चौकोनी तुकडे वाळत घालते. हातभर रुंद, दीड हात लांब, कडा नीट शिवलेल्या. एकावर जांभळी फुलं, दुसऱ्यावर पिवळी बदकं. घरात तान्हं मूल आलं असणार, असं धरून शेजारणींनी आडून आडून चौकशीही करून पाहिली. मला चौकशी करायची गरज पडली नाही. ती तुकडे झटकते तेव्हा माझ्या गॅलरीत वाळक्या गवताच्या काड्या पडतात, तांदळाच्या दाण्याहून जराशा जाड काळ्या लेंड्या पडतात, आणि ओल्या कापडाचा, गवताचा आणि थोडासा मुताचा असा एक मिसळलेला वास खाली उतरतो. परवा जिन्यात भेटली तेव्हा स्वतःच म्हणाली, "मावशी, माझ्याकडे दोन गिनीपिग आहेत. तुम्हाला वास येतो का हो?" मी म्हटलं, छे गं, कसला वास? आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेली मी बाई, जिन्यात उभी राहून सरळ खोटं बोलले. तो वास मला वीस-बावीस वर्षांपासून येतो आहे, हे त्या पोरीला सांगून काय करणार होते?

शहापूरला ही दोन खोल्यांची जागा घ्यायच्या आधीची, मी गावाकडे राहून शेजारच्या गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. आमचं गाव मुरबाडच्या पुढं, म्हशाच्या रस्त्याला. भाताची शेतं, मागं डोंगर, आणि सकाळ-संध्याकाळ मुरबाडला माणसं कोंबून नेणाऱ्या जीपगाड्या. घरात आम्ही तिघं. वडील, मी आणि माझी थोरली बहीण. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बहिणीचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नसे, तीही बोलत नसे. ती मुरबाडच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कारखान्यात कामाला होती. तिथं एक वेगळी लांबट इमारत होती, तिला प्राणिगृह म्हणत. उंदीर, ससे आणि गिनीपिग. त्यांचं खाणंपिणं करायचं, पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा बदलायचा, पिंजरे धुवायचे, हे तिचं काम. सात वर्षं तिनं ते केलं.

वाचणाऱ्याला वाटेल, बरं शांत काम होतं. तसं ते नव्हतं. गिनीपिग हा मोठा भित्रा जीव. मांजराच्या पिल्लाएवढा, शेपूट नसलेला, गोलमटोल, आणि जरा परका हात लागला की कानठळ्या बसतील असा किंचाळणारा. माझ्या बहिणीच्या हातात मात्र तो गप्प राही. तिची चप्पल दाराशी वाजली की सगळे पिंजरे एकदम शिट्ट्या घालू लागत, असं तिथले लोक सांगायचे. त्यामुळे झालं काय, की पांढऱ्या कोटातल्या साहेबांना प्रयोगासाठी जनावर हवं असलं की ते तिलाच हाक मारत. ती पिंजऱ्यात हात घाली, जनावर तिच्या तळहातावर येऊन बसे, आणि ती ते नेऊन टेबलावर ठेवी. पुढचं काम साहेबांचं. पण माणसं कमी असली की शेवटचं कामही तिलाच करायला शिकवलं होतं. घरी येऊन ती यातलं काही सांगत नसे. जेवायच्या आधी हात मात्र फार वेळ धूत असे. मी तिची थट्टाही करायची, की साबणाच्या कारखान्यात तरी जायचं होतंस.

मग एका मार्गशीर्षात ते प्राणिगृह बंद झालं. कारखान्याचं ते काम दुसऱ्या राज्यात हलवलं होतं आणि उरलेली जनावरं संपवून टाकायची होती. तीन दिवस ती कामावरून आली आणि जेवली नाही. चौथ्या दिवशी जीपमधून उतरली ती कोंबड्यांचं डालगं छातीशी धरून. वरून साडीचा पदर झाकलेला. ओटीवर डालगं ठेवून तिनं पदर काढला तर आत सहा गिनीपिग, एकमेकांच्या अंगाखाली तोंडं खुपसून बसलेले. साहेबांनी डोळेझाक केली होती म्हणे. वडील ओटीच्या कडेला सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "आमी जन्मभर गुरां राखली. आता तुमी कंपनीची उंदरं राखा." बहीण त्यावर हसली नाही. डालग्याजवळ खाली बसून म्हणाली, "बाबा, सात वर्सां ह्यांना मीच उचलून दिलं. माझ्या हातात आरडत नाय म्हनून मीच दिलं. आता ही सा तरी म्हातारी होऊन मरूदे." वडिलांनी सुपारी तोंडात टाकली आणि मागच्या पडवीतली लाकडं हलवायला उठले.

एवढंच तिचं मागणं होतं. जगाकडे नाही, देवाकडेही नाही, स्वतःच्या हातांकडे. सहा जनावरं म्हातारी होऊन मरावीत. गिनीपिगाचं म्हातारपण ते केवढं? पाच वर्षं, फार तर सहा. त्यांतली दोन-तीन तर त्यांची होऊनही गेलेली. मला तेव्हा हा सगळा वेडेपणा वाटला होता. माणसाला जे मोठं दुःख बोलता येत नाही ते तो अशा लहानशा हट्टात घालून ठेवतो, हे कळायचं माझं वय नव्हतं असं म्हणावं, तर मी तेव्हा चांगली पस्तिशीची होते. कळलं नाही, एवढंच खरं.

प्रश्न उभा राहिला तो अंथरुणाचा. आमच्याकडे भात झोडून झालेलं, तुसाला काय तोटा? तिनं पडवीत फळ्यांचा बुटका खण केला आणि त्यात तूस पसरलं. आठ दिवसांत एका पांढऱ्या मादीच्या डोळ्यात तुसाचं टोक गेलं आणि तो डोळा दुधाळ झाला तो कायमचा. मग पेंढा घातला, तोही टोचला. लाकडाचा भुसा आणायचा तर मुरबाडच्या वखारीवर जायचं, आणि तिथं सागाचा भुसा इतका बारीक, की जनावरं शिंकून बेजार. शेवटी पौषात म्हशाची जत्रा भरली. आमच्या बाजूचे लोक तिथं बैल बघायला जातात आणि घोंगडी घेऊन येतात. बहीण गेली आणि दोन मऊ, हिरवी ब्लँकेटं घेऊन आली. हल्ली त्या कापडाला फ्लीस म्हणतात. विकणारा तेव्हा त्याला छातीठोकपणे काश्मिरी म्हणत होता, आणि कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर पानिपत लिहिलेलं होतं.

त्या दोन ब्लँकेटांचं अंथरूण करायला तिला महिना लागला. मला हसू यायचं. नवं ब्लँकेट तिनं पडवीत अंथरलं, त्यावर वाटीभर पाणी ओतलं, आणि गुडघ्यावर हात ठेवून बघत बसली. पाणी वरच राहिलं, अळवाच्या पानावर राहावं तसं. ती म्हणाली, "हे पानी पीत नाय. ह्याला प्यायला शिकवाय पायजे." मग चुलीवर हंडाभर पाणी उकळायचं, त्यात ब्लँकेट बुडवायचं, काठीनं ढवळायचं, पिळायचं, उन्हात टाकायचं, संध्याकाळी परत वाटीभर पाणी. साधी साबणाची वडी, तीही चवीपुरती. पावडर नाही, नीळ नाही, वासाचं काही नाही. सहाव्या-सातव्या धुण्यानंतर एका संध्याकाळी पाणी पडलं आणि दिसेनासं झालं. तिनं वरून हात फिरवला. वर कोरडं, खाली ओलं. माझ्या बहिणीला त्या लग्नात किंवा त्यानंतर मी इतकी खुललेली पाहिली नव्हती. मग तिनं तुकडे कापले. खाली गोणपाट, मध्ये वडिलांच्या जुन्या धोतरांच्या चार घड्या, वर हे प्यायला शिकलेलं कापड, आणि तीन बाजूंनी टाके घालून उशीच्या अभ्र्यासारखं केलं, म्हणजे आतलं धोतर काढून वेगळं धुता येईल. असे आठ अभ्रे. चार वापरात, चार दोरीवर.

ते धुण्याचीही तिची एक रीत होती. आधी अंगणाच्या कडेला झटकायचं. मग काथ्याच्या ब्रशनं एकाच दिशेनं घासून केस काढायचे, कारण केस राहिले तर कापड तुंबतं. मुतानं पांढरे डाग पडत, चुन्यासारखे. त्यावर लिंबाची फोड चोळायची. मग ओहोळावर नेऊन वाहत्या पाण्यात एकदा, घरी आणून उकळत्या पाण्यात एकदा. आमच्या आळीतल्या बायका ओहोळावर म्हणत, "गो, उंदराच्या चादरी धुतंस?" ती म्हणायची, "हां, पाव्हनं हायेत." फाल्गुन, चैत्र, वैशाख तिनं असे काढले. कारखान्यानं तिला पॅकिंगला घेतलं होतं. कामावरून आली की पेरूचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, बांधावरचं गवत, आणि मग धुणं. पडवीत शिट्ट्या वाजायच्या. वडीलही येता-जाता खणात हिरवी काडी टाकू लागले होते, कुणी बघत नाही असं बघून. ते सहा जीव त्या हिरव्या कापडावर पाय ताणून, कुशीवर लोळून निजायचे. भित्रं जनावर असं निजतं तेव्हा त्याचं भय गेलेलं असतं, असं ती सांगायची.

श्रावणात तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, पोटात अन्न ठरेना. वडील तिला घेऊन कल्याणच्या दवाखान्यात गेले आणि तिथं तिला ठेवून घेतलं. निघताना जीपमध्ये बसवलं तरी ती मला सांगत होती: गरम पाण्यानं धू, केस काढ, पानी वर राहिलं नाय पायजे. मी म्हटलं, तू गप बस, मी काय धुणं कधी पाहिलं नाही का?

हे वाक्य मी पुढं किती वेळा मनात ऐकलं आहे!

मी धुणं पाहिलं होतं, आईचं. आमची आई धुतलेला कुठलाही कपडा खळीशिवाय दोरीवर घालत नसे. भात शिजला की वरची पेज निथळून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पाण्यात पातळ करायची, त्यात कपडे बुडवून पिळायचे. वडिलांचं धोतर, आमची शाळेची पोलकी, पाहुण्यांच्या अंथरुणावरची चादर. लोळागोळा झालेली चादर पाहुण्याला घालणं म्हणजे तिच्या दृष्टीनं घरात बरकत नसल्याचं जाहीर करणं होतं. आजाऱ्याच्या अंथरुणाला तर ती हटकून खळ द्यायची. कडक चादरीवर माणूस लवकर उठून बसतो, असं म्हणायची. मी तिची लेक. बहिणीचे ते आठ अभ्रे हातात घेतले तर मला ते मेल्यासारखे वाटले. इतक्या धुण्यांनी चोथा झालेले, हातात धरले तर खाली लोंबणारे. मनात आलं, बिचारीनं कापड घालवलं. ती परत येईल तेव्हा हे असं दिसायला नको. कावीळ उतरून घरी येणाऱ्या बहिणीला काहीतरी टवटवीत, नव्यासारखं दिसावं, म्हणून मी ते धुतले, चांगले घट्ट पेजेत बुडवले, आणि पाऊस थांबत नव्हता म्हणून चुलीवरच्या दोरीवर, धुरात वाळवले. वाळल्यावर ते पापडासारखे उभे राहिले. खणात घातले तेव्हा मला माझं कौतुक वाटलं. प्रेमाशिवाय मी त्यात दुसरं काहीच घातलं नव्हतं, आणि हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. बचाव यात नाहीच.

कापड प्यायचं विसरलं. पाणी वर राहू लागलं. मला ते दिसलं का? दिसलं. वर ओल आहे हे दिसलं, म्हणून मी रोज बदलू लागले, आणि बदललेल्याला रोज नवी खळ देऊ लागले. पेजेला आंबूस वास सुटला तो मी पावसाळ्याचा धरला. कापडावर काळे ठिपके आले ते मी धुराचे धरले. जनावरं एका कोपऱ्यात दाटीनं उभी राहू लागली, एक पाय उचलून, मग दुसरा उचलून. मला वाटलं, बहिणीची आठवण काढतात. शाळेत पोरांना निरीक्षण करायला शिकवायचा तास असायचा माझा.

सोळाव्या दिवशी ती आली. वाळून काटकी झालेली, वडिलांच्या खांद्याचा आधार घेऊन. ओटीवर टेकलीही नाही, तशीच मागं पडवीत गेली. शिट्टी वाजली नाही. तिनं वाकून तळहाताची मागची बाजू कापडाला लावली आणि तशीच वाकलेली राहिली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "खळ दिलीस?"

"हो," मी म्हटलं. "अगदीच लोळागोळा झाले होते गं."

ती खाली बसली. एकेक जनावर उचलून उलटं करून बघू लागली. पायांचे तळवे सुजले होते, लाल, मधोमध फुटलेले. पोटाखालची कातडी मुतानं सोलवटली होती. दोघांच्या छातीतून चाळणीतून वाळू पडावी तसा आवाज येत होता. ज्या मादीचा डोळा तुसानं गेला होता, तिनंच तेवढा बहिणीच्या तळहातावर येऊन शिट्टी घालायचा प्रयत्न केला, आणि त्यातून नुसती हवा निघाली. त्याच दिवशी, अंगात ताप असताना, माझी बहीण चुलीवर हंडा चढवून बसली. आठही अभ्रे सहा वेळा उकळले. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "नको गो. तू बस." रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ती रागानं म्हणाली नाही.

पुढं दोन महिने ती लढली. मुरबाडच्या गुरांच्या डॉक्टरांकडे डालगं घेऊन गेली, ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले, "ताई, माझी सुई ह्याच्या पायापेक्षा मोठी हाय." तरी त्यांनी मलम दिलं. ती हळदीच्या पाण्यानं एकेका जनावराचे चारी पाय धुवायची, मलम लावायची, जुन्या मलमलीच्या चिंध्या गुंडाळायची. संध्याकाळभर एकाला मांडीवर घेऊन बसायची, मग दुसऱ्याला. कापड परत पाणी प्यायला शिकलं. जखमा मात्र आत हाडापर्यंत गेल्या होत्या. गणपतीत दोन गेले. पितृपक्षात दोन. पाचवा नवरात्राच्या पहिल्या माळेला. वडील दर वेळी पेरूच्या झाडाखाली खड्डा खणून द्यायचे आणि मुकाट्यानं कुदळ धुऊन ठेवायचे.

उरली ती एका डोळ्याची पांढरी मादी. तिचे मागचे पाय गेले होते. खाणं सुटलं होतं, आणि श्वास घेताना तिचं सगळं अंग ओढलं जायचं. तीन दिवस बहीण तिला केळीच्या पानावरून पाणी पाजत होती. चौथ्या दिवशी सकाळी शेतात भात पिवळं झालं होतं, ऊन चांगलं पडलं होतं. मी शाळेला निघताना पडवीच्या दारात थांबले. बहिणीनं आंघोळ केली होती. तिनं मादीला तळहातावर घेतलं. ती शांत बसली. तिच्या हातात ते कधी ओरडत नसत. तिनं दुसऱ्या हातानं तिच्या मानेवरून दोनदा बोटं फिरवली आणि मग कारखान्यात शिकलेलं ते शेवटचं काम केलं. एक क्षणही लागला नाही. मी दारात उभी होते, हातात डबा आणि पट्टी. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि म्हणाली, "जा. तुझी जीप जाईल." मग उठून हात धुवायला गेली. शाळेची घंटा झाली असेल तरी ती हात धूतच असावी.

मी तिची क्षमा मागितली ती तब्बल अकरा वर्षांनी. वडील गेल्यावर, तेराव्याचे पाहुणे परतल्यावर, आम्ही दोघी ओटीवर भांडी पुसत बसलो होतो. बोलायला सुरुवात केली आणि मला वाक्य पुरं करता येईना. ती पातेलं पुसत राहिली. मग म्हणाली, "तुझं काय गो त्याच्यात? तू खळ दिलीस ती मायेनं. मीच आनायला नको व्हती. तिथं राहती तर एका मिनिटात सुटली असती. मी आनली आनि त्यांना दोन महिने मारलं."

मी आजही त्यावर उत्तर शोधते आहे. बहीण आता गावात एकटी असते, साठी उलटून गेली, कोंबडीसुद्धा पाळत नाही. माझा दोष माझ्याकडून काढून घेऊन तिनं तो स्वतःच्या अंगावर ओढला, आणि तो परत मागायला मला तोंड नाही. लोक म्हणतात, काळ गेला की दुःख बोथट होतं. मला तसा अनुभव नाही. काळ गेला की फक्त ज्यांना ते दुःख ठाऊक होतं ती माणसं कमी होतात. त्या दिवशी ओटीवर मी तिला एवढं तरी म्हणायला हवं होतं, की अगं, फाल्गुनापासून आषाढापर्यंत ती सहाही जणं कुशीवर लोळून, पाय ताणून निजत होती. कारखान्यात त्यांना असं निजायला कुठून मिळालं असतं? वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण त्या दोन महिन्यांसमोर मला स्वतःलाच ते पुरेसं वाटेना. मी पुढचं पातेलं पुसायला घेतलं.